हप्त्यांनी आलेली श्रुती

न्यूयॉर्क संस्थानातील ईरी कालव्याच्या काठी वसलेल्या पाल्मायरा गावी, १८२९ सालच्या उन्हाळ्याच्या अखेरीस, ई. बी. ग्रँडिन याच्या छापखान्यात एक तरुण रोज सकाळी येत असे, बंडीच्या गुंड्यांआड दडवून आणलेली चोवीस हस्तलिखित पाने बाहेर काढून जुळाऱ्याच्या हवाली करीत असे, आणि संध्याकाळ झाली की तीच पाने परत घेऊन जात असे. हा तरुण म्हणजे पुढे मॉर्मन पंथाचा प्रेषित म्हणून विख्यात झालेल्या जोसेफ स्मिथ याचा वडील बंधू हायरम. जॉन गिल्बर्ट या जुळाऱ्याच्या प्रथम लक्षात आले ते हे की, मजकुरात आरंभापासून विरामचिन्ह म्हणून कसले ते नव्हते, आणि एक वाक्य कोठे संपले व दुसरे कोठे सुरू झाले हे सांगणारी एकही खूण लेखनिकाने ठेवली नव्हती. मोडी दफ्तरे चाळलेल्या आपल्याकडील वाचकाला याचे फारसे नवल वाटणार नाही. परंतु खिळे जुळवणाऱ्याला ठिपका हवा तेथे ठिपका लागतोच. काही दिवसांनी विश्वास बसल्यावर गिल्बर्टला पाने घरी नेण्याची मुभा मिळाली, आणि संध्याकाळी घरी बसून शिसपेन्सिलीने त्याने त्या मजकुरावर स्वल्पविराम, अर्धविराम आणि पूर्णविराम टाकले. ज्या ग्रंथाला पुढे लक्षावधी लोकांनी ईश्वरी वाणी मानले, त्यातील विरामांच्या जागा अशा रीतीने त्या पंथावर काडीचाही विश्वास नसलेल्या एका पगारी कारागिराने ठरविल्या.

‘बुक ऑफ मॉर्मन’ या नावाच्या त्या ग्रंथाच्या पाच हजार प्रतींसाठी तीन हजार डॉलर पडले, आणि त्या रकमेसाठी मार्टिन हॅरिस या सधन शेतकऱ्याने आपली जमीन गहाण टाकली. मुदत भरल्यावर १८३१ साली त्यातली १५१ एकर त्याला विकावी लागली. २६ मार्च १८३० रोजी ग्रंथ विक्रीस निघाला आणि त्यानंतर अकरा दिवसांनी, ६ एप्रिल रोजी, मंडळीची रीतसर स्थापना झाली. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बहुतेक धर्मपंथांत आधी गुरू, मग शिष्य, मग पिढ्यानपिढ्यांचे पाठांतर, आणि फार मागाहून लेखन व मुद्रण असा ओघ असतो. येथे मात्र आधी छापखान्याचे बिल, आणि मग संप्रदाय.

या पंथाला नियतकालिकाची गरज भासली ती त्याच्या मूळ सिद्धान्तातूनच. बायबल झाले म्हणजे ईश्वराचे बोलणे संपले असे इतर ख्रिस्ती मंडळ्या मानीत. स्मिथचे म्हणणे होते की ते संपलेले नाही, ते आजही चालू आहे, आणि उद्याही चालू राहील. त्याला होणारे साक्षात्कार हे केवळ स्वर्ग, पाप आणि पुनरुत्थान यांविषयीचे नसत. अमुक इसमाने अमुक गावी प्रचारास जावे, तमुक जमीन खरेदी करावी, अशी फर्माने त्यांत येत, आणि ती व्यक्तींच्या नावानिशी येत. अनुयायी ओहायोपासून मिसुरीपर्यंत शेकडो मैलांवर विखुरलेले. जो तो आपापल्या वहीत उतारा करून घेई, त्या उताऱ्याचा दुसरा उतारा होई, आणि पाठभेद वाढत जात. जी श्रुती पूर्ण झालेली नाही, जी महिन्यामहिन्याला वाढते आहे, ती एका बांधीव ग्रंथात मावणार कशी? तिला वर्गणीदार हवेत, टपाल हवे, पुढचा अंक हवा. या पंथाच्या साऱ्या वाङ्मयीन इतिहासाकडे पाहताना मला वाटते ते हेच की, मॉर्मन लोकांचे शास्त्र आधी वर्तमानपत्रात जन्मले आणि मागाहून पोथीत बांधले गेले. आणि ही रीत त्यांनी दीडशे वर्षे सोडली नाही.

पहिला छापखाना घेऊन जाण्याचे काम विल्यम वाइन्स फेल्प्स या इसमाकडे आले. तो आधीपासूनच पत्रकार होता. फ्रीमेसन मंडळाच्या विरोधात चालणारे एक वर्तमानपत्र त्याने कॅननडेग्वा येथे संपादिले होते. स्तोत्रे रचण्याचा नाद, वादाची आवड आणि शब्दांचा फुलोरा या तिन्ही गोष्टी त्याच्या ठायी भरपूर होत्या. सिनसिनाटीस यंत्र व खिळे खरेदी करून तो मिसुरीच्या सरहद्दीवरील इंडिपेंडन्स या गावी पोहोचला, आणि जून १८३२ मध्ये त्याने ‘द ईव्हनिंग अँड द मॉर्निंग स्टार’ हे मासिक काढले. त्यात बातम्या होत्या, स्तोत्रे होती, आणि मुख्य म्हणजे जोसेफचे साक्षात्कार होते. त्याच यंत्रावर ‘बुक ऑफ कमांडमेंट्स’ या साक्षात्कारसंग्रहाचे फर्मेही छापले जाऊ लागले. आधीच्या परिषदेत दहा हजार प्रतींचा ठराव झाला होता. हिशेब पाहिल्यावर तो आकडा तीन हजारांवर आणावा लागला.

मिसुरी हे गुलामगिरीचे संस्थान. जुलै १८३३ च्या अंकात फेल्प्सने ‘मुक्त कृष्णवर्णीय लोक’ अशा मथळ्याखाली, संस्थानात येऊ पाहणाऱ्या अशा लोकांना कोणते दाखले लागतात यासंबंधीचे कायदे छापले आणि आपल्या बंधूंना सावधगिरीचा इशारा दिला. शेजारच्या मिसुरीकरांनी त्याचा अर्थ उलटा घेतला: हे लोक आपल्या गुलामांत फितुरी माजवण्यासाठी मुक्त कृष्णवर्णीयांना आमंत्रण देत आहेत. घाबरून फेल्प्सने १६ जुलै रोजी एक जादा पत्रक काढले आणि आपला हेतू अगदी विरुद्ध होता, असे लोक येथे येऊच नयेत अशी आमची इच्छा आहे, असे त्यात सांगून टाकले. ही कैफियत वाचताना आज बरे वाटत नाही, आणि तिचा उपयोगही झाला नाही. २० जुलै रोजी चारपाचशे लोकांचा जमाव जमला. दोन मजली विटांची ती इमारत. वर छापखाना, खाली फेल्प्सचे बिऱ्हाड. फेल्प्सच्या बायकोला आजारी तान्ह्या मुलासह बाहेर काढण्यात आले, यंत्र वरच्या खिडकीतून खाली लोटण्यात आले, खिळे रस्त्यावर उधळले गेले, आणि एडवर्ड पार्ट्रिज या बिशपाला चौकात नेऊन अंगाला डांबर व पिसे फासण्यात आली.

त्या गोंधळात, बाहेर फेकलेल्या कागदांच्या ढिगाकडे दोन मुली कुंपणाच्या आडून पाहात होत्या. मेरी एलिझाबेथ रोलिन्स ही पंधरा वर्षांची, आणि तिची बहीण कॅरोलाइन तिच्याहून लहान. जमाव दुसरीकडे वळला आहे असे पाहून त्या धावत गेल्या, हातांत मावतील तितके छापील ताव त्यांनी कवटाळले आणि जवळच्या मक्याच्या शेतात शिरल्या. मक्याची ताटे माणसाच्या डोक्याहून उंच झालेली. ताव जमिनीवर ठेवून दोघी त्यांवर पालथ्या पडून राहिल्या. शोधणाऱ्यांच्या पावलांचे आवाज अगदी जवळून गेले, पण त्या सापडल्या नाहीत. एकशे साठ पृष्ठांपर्यंतचे फर्मे छापून झाले होते. संग्रह पुरा झालाच नाही. वाचलेल्या तावांची ज्याने त्याने आपल्यापरीने बांधणी करून घेतली, आणि मध्येच तुटलेल्या त्या पुस्तकाच्या आज मोजक्याच प्रती उरल्या आहेत.

‘स्टार’ पुढे ओहायोतील कर्टलंड येथे जोसेफचा सहकारी ऑलिव्हर काउडरी याच्या संपादकत्वाखाली निघू लागले, आणि मग मिसुरीतील जुने अंकही लहान आकारात पुन्हा छापण्यात आले. परंतु या पुनर्मुद्रणात साक्षात्कारांचा मजकूर जसाच्या तसा राहिला नाही. शब्द बदलले, वाक्ये वाढली, मागाहून निर्माण झालेल्या पदांचे उल्लेख आधीच्या तारखेच्या मजकुरात आले. १८३५ च्या ‘डॉक्ट्रिन अँड कव्हनन्ट्स’ या अधिकृत संग्रहातही हाच सुधारलेला पाठ आहे. टीकाकारांनी याचे भांडवल केले हे स्वाभाविकच होते. श्रद्धावंतांचे उत्तर असे की, जिवंत प्रेषिताला आपल्या जुन्या शब्दांत भर घालण्याचा अधिकार असतो. वाद कसाही सुटो. एवढे खरे की, छापलेला जुना अंक कोणाच्या तरी पेटीत शिल्लक राहतो आणि दोन पाठ शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. मौखिक परंपरेला जी सवलत मिळते ती छापखाना देत नाही.

कर्टलंडचा छापखाना १८३८ च्या जानेवारीत जळाला. त्याच वर्षी मिसुरीत फार वेस्ट येथे ‘एल्डर्स जर्नल’ निघत असताना संस्थानाची लष्करी तुकडी गावावर चालून आली, तेव्हा रातोरात यंत्र आणि खिळे एका आवारात खड्डा खणून पुरण्यात आले, आणि वर गवताची गंजी रचण्यात आली. पुढच्या अंकाचा जुळवलेला फर्मा शाई लागलेल्या स्थितीतच मातीत गेला होता. १८३९ च्या वसंतात ते सारे उकरून इलिनॉयमध्ये मिसिसिपीच्या काठी नेण्यात आले, आणि नॉवू या नव्या वसाहतीत एका तळघरात छापखाना उभा राहिला. तळघराला जमिनीखेरीज फरशी नव्हती आणि झऱ्याचे पाणी आत झिरपत असे. जोसेफचा धाकटा भाऊ डॉन कार्लोस आणि एबेनेझर रॉबिन्सन या दोघांनी माती लागलेले खिळे एकेक करून साफ केले, कागद भिजवून घेतला, ‘टाइम्स अँड सीझन्स’च्या पहिल्या अंकाच्या सुमारे दोनशे प्रती काढल्या, आणि दोघेही हिवतापाने अंथरुणाला खिळले. भिजवलेला उरलेला कागद बुरसून वाया गेला. अंक पुन्हा निघाला तो नोव्हेंबरात. डॉन कार्लोस १८४१ मध्ये, पंचविशीच्या अलीकडे-पलीकडे, वारला.

या नियतकालिकाचे मोल मात्र त्या तळघराच्या मानाने फार मोठे ठरले. १८४२ मध्ये काही महिने खुद्द जोसेफ स्मिथ त्याचा संपादक होता, आणि त्या वर्षीच्या मार्चच्या अंकांत त्याने इजिप्शियन पपायरसांवरून सिद्ध केलेला म्हणून ‘बुक ऑफ अब्राहम’ हा मजकूर रूबेन हेडलॉकने कोरलेल्या चित्रांसह प्रसिद्ध केला. तोच मजकूर १८५१ साली लिव्हरपूल येथे ‘पर्ल ऑफ ग्रेट प्राइस’ या चोपड्यात आला, आणि १८८० साली त्या चोपड्याला धर्मशास्त्राचे स्थान मिळाले. अंक, चोपडे, शास्त्र: ही वाट एकदा पडली आणि पुढे वहिवाटीची झाली.

आता ज्या प्रसंगाकडे मला यावयाचे आहे तो या इतिहासातील सर्वांत अवघड प्रसंग होय. नॉवूमध्ये जोसेफ प्रेषित होता, महापौर होता, शहराच्या फौजेचा सेनापती होता. आणि अनेकपत्नीत्वाचा आचार तेथे गुप्तपणे सुरू झाला होता. विल्यम लॉ या त्याच्या निकटच्या सहकाऱ्याने फारकत घेतली, इतर असंतुष्टांसह छापखाना आणला, आणि ७ जून १८४४ रोजी ‘नॉवू एक्स्पोझिटर’ या पत्राचा पहिला अंक काढला. तो पहिला आणि शेवटचा. अनेकपत्नीत्व, अनेक देवांचा नवा सिद्धान्त, धर्म आणि नगरसत्ता यांची एका हाती झालेली गाठ, या साऱ्यांवर त्यात उघड आरोप होते. नगरसभेने दोन दिवस खल करून १० जून रोजी ते पत्र म्हणजे सार्वजनिक उपद्रव होय असा ठराव केला, महापौराने हुकूम दिला, आणि नगररक्षकांनी यंत्र रस्त्यावर आणून मोडले, खिळे विखुरले, सापडतील ते अंक जाळले.

त्या नगरसभेत, सनद आणि कायदे आपण तपासून पाहिले आहेत व उपद्रव ठरवण्याचा अधिकार आपल्याला निर्विवाद आहे असे प्रतिपादन करणाऱ्या सभासदांत एक नाव आढळते: विल्यम वाइन्स फेल्प्स. अकरा वर्षांपूर्वी ज्याच्या घराच्या वरच्या खिडकीतून यंत्र खाली लोटले गेले होते, तोच हा इसम. मधल्या काळात तो जोसेफशी भांडून पंथाबाहेर गेला होता, क्षमा मागून परत आला होता. त्या दिवशी ठराव संमत होत असताना इंडिपेंडन्सचा रस्ता त्याला आठवला की नाही, हे त्याचे त्यालाच ठाऊक. इतिहासकाराने अशा ठिकाणी पात्रांच्या मनात शिरू नये, तथापि कारणमीमांसा तरी करावी: छळ सोसलेल्या समाजाला दुसऱ्याचे पत्र हे मतभेदाचे साधन न वाटता नव्या जमावाची नांदी वाटते, आणि नॉवूला तसे वाटले. पण जमाव आला तो पत्रामुळे नव्हे, पत्र मोडल्यामुळे आला. १७ दिवसांनी, २७ जून रोजी, त्या प्रकरणातून अटक होऊन कार्थेजच्या तुरुंगात असलेल्या जोसेफ आणि हायरम या दोघा बंधूंना जमावाने गोळ्या घालून ठार केले. त्या खोलीत आणखी दोघे होते. जॉन टेलर, ‘टाइम्स अँड सीझन्स’चा संपादक, अनेक गोळ्या लागूनही जगला. विलर्ड रिचर्ड्स जवळजवळ धक्काही न लागता वाचला, आणि सहा वर्षांनी ‘डेझरेट न्यूज’चा पहिला संपादक झाला.

इकडे अमेरिकेत पळापळ चालू असता इंग्लंडात मात्र या पंथाचे मुद्रण सुरळीत चालले होते. पार्ली प्रॅटने मे १८४० मध्ये मँचेस्टरात सुरू केलेले ‘मिलेनियल स्टार’ लवकरच लिव्हरपूलला गेले, आणि कापडगिरण्यांतल्या मजुरांना अमेरिकेच्या जहाजावर चढवण्याचे काम प्रवचनांइतकेच त्याच्या जहाजांच्या वेळापत्रकांनीही केले. ते १९७० पर्यंत चालले; १३० वर्षांचे आयुष्य कोणत्याही नियतकालिकाला थोडे नाही. वेल्समधील मर्थर टिडफिल येथे डॅन जोन्स याने वेल्श भाषेत नियतकालिके चालवली, डेन्मार्कात ‘स्कँडिनेव्हियन्स स्टियर्ना’ निघाले. लिव्हरपूलहूनच १८५४ ते १८८६ या काळात ‘जर्नल ऑफ डिस्कोर्सेस’चे २६ खंड बाहेर पडले. त्यांचा प्रवर्तक जॉर्ज वॉट हा पिटमनच्या लघुलिपीत तरबेज होता. जोसेफनंतर पंथाचा प्रमुख झालेल्या ब्रिगम यंगची सॉल्ट लेक येथील भाषणे तो उतरवून घेई आणि ती छापण्यासाठी समुद्रापार धाडली जात. वॉटच्या लघुलिपीतील वह्या अलीकडे मूळ बरहुकूम वाचल्या गेल्या, तेव्हा छापील भाषण आणि प्रत्यक्ष भाषण यांत बरेच अंतर असल्याचे आढळले. वॉट वाक्ये नीटनेटकी करीत असे. पुढे तो स्वतः पंथातून बाहेर पडला, हे येथे जाता जाता नमूद करतो.

जोसेफच्या मृत्यूनंतर पंथ ज्या युटाच्या वाळवंटी मुलखात जाऊन वसला, तेथे यंत्र आणण्याचे काम पुन्हा फेल्प्सकडेच आले होते. पूर्वेकडून त्याने ते मिळवले आणि बैलगाड्यांतून ते डोंगर ओलांडून आले. १५ जून १८५० रोजी ‘डेझरेट न्यूज’चा पहिला अंक निघाला. यंत्र होते, खिळे होते, मजकुराचा तर सुकाळ होता. नव्हता तो कागद. हजार मैलांवरून गाड्यांनी कागद आणणे परवडेना, तेव्हा अंक कधी लांबले, कधी बंद पडले, कधी घरगुती जाड करड्या कागदावर निघाले. कागद चिंध्यांपासून होत असे. म्हणून १८६१ साली ब्रिगम यंगने जॉर्ज गॉडर्ड या इंग्लंडहून आलेल्या दुकानदाराला बोलावून, इतरांना जसे परमुलखी धर्मप्रचाराला पाठवीत तसेच रीतसर, चिंध्या गोळा करण्याच्या कामावर नेमले. गॉडर्ड हा प्रतिष्ठित व्यापारी. लिलाव पुकारणारा, चारचौघांत वावरणारा. एका हातावर टोपली, दुसऱ्या हातात रिकामे पोते, आणि दारोदार ‘चिंध्या आहेत का?’ ही विचारणा. आरंभी लाजेने आपल्याला मेल्याहून मेले झाले, हे त्याने पुढे प्रांजळपणे लिहून ठेवले. उत्तरेस फ्रँकलिनपासून दक्षिणेस सॅनपीटपर्यंत तो तीन वर्षांहून अधिक काळ फिरला. रविवारच्या उपासनेत उभा राहून तो चिंध्यांवर प्रवचन देई, आणि बायका घरी जाऊन फाटके परकर, जुन्या चादरी, मुलांचे अंगरखे बाजूला काढीत. सुमारे एक लाख पौंड चिंध्या त्याने जमविल्या. आपल्याच जुन्या परकराचा कागद होऊन त्यावर छापलेले यंगसाहेबांचे भाषण पुढच्या महिन्यात घरी परत येते, हे त्या बायकांच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नसेल.

जेथे यंत्र पोहोचले नाही तेथे हस्तलिखित अंक निघत. सेंट जॉर्ज या कापूस पिकवण्यासाठी वसवलेल्या दक्षिणेकडील गावी १८६४ मध्ये ‘वेप्रेक्युला’ नावाचे हस्तलिखित पत्र फिरत असे. नावाचा अर्थ लहानसे काटेरी झुडूप, आणि लेखक टोपणनावांचे. याच काळात इंग्रजीच्या शुद्धलेखनावर वैतागून ‘डेझरेट लिपी’ नावाची ३८ अक्षरांची नवी लिपी तयार करण्यात आली, तिच्यात बालबोध पुस्तके छापली, १८६९ मध्ये ‘बुक ऑफ मॉर्मन’ही छापला, पण लोकांनी ती उचलली नाही आणि यंगबरोबर तीही गेली.

अनेकपत्नीत्वाची गोष्ट वर अर्धवट सोडली ती येथे पुरी करतो. १८४३ चा त्यासंबंधीचा साक्षात्कार नऊ वर्षे गुप्त राहिला होता. ऑगस्ट १८५२ मध्ये ऑर्सन प्रॅटने व्याख्यान देऊन तो जाहीर केला आणि १४ सप्टेंबरच्या ‘डेझरेट न्यूज’च्या जादा अंकात तो छापला गेला, शास्त्रग्रंथात त्याचा समावेश झाला १८७६ मध्ये. आणि १८९० मध्ये, संस्थेची मालमत्ता सरकारजमा करणाऱ्या कायद्याचा फास आवळत आल्यावर, पंथाचा तेव्हाचा अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ याने तो आचार थांबवण्याचा जो जाहीरनामा काढला, तोही प्रथम तारेने वृत्तपत्रांकडे गेला, नंतर परिषदेत संमत झाला, आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी शास्त्रात बांधला गेला. आरंभ पुरवणीत, शेवट तारेत.

१८५२ ची ती बातमी जगभर पसरली तेव्हा तिची झळ आपल्या पुण्यालाही लागली. ह्यू फिंडले नावाचा स्कॉच प्रचारक त्याच वर्षी मुंबईस उतरला होता, आणि कलकत्त्यास १८५१ पासूनच या पंथाचे काम सुरू होते. १८५३ च्या एप्रिलात ‘मॉन्सून’ या जहाजाने आणखी तेरा जण कलकत्त्यास आले, त्यांतले चौघे सयामसाठी होते. मुंबईची इंग्रजी वर्तमानपत्रे फिंडलेवर तुटून पडली. त्याने चोपडे छापून उत्तरे दिली. पुण्यात छावणीच्या हद्दीत वास्तव्य करण्यास लष्करी अंमलदारांची हरकत, गावात ऐकणारे थोडे; तरीही दहाबारा जणांची एक शाखा तेथे उभी राहिली, त्यांत गोरे आणि मिश्रवंशीय यांचा भरणा. ‘हिंदुस्थानातील मराठ्यांस’ उद्देशून खऱ्या व जिवंत ईश्वरावरील एक निबंधही त्याने मुंबईत प्रसिद्ध केला. मद्रासेत रिचर्ड बॅलंटाइन याने १८५४ मध्ये ‘मिलेनियल स्टार’चेच नाव घेऊन एक मासिक काही अंक चालवले. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनऱ्यांचे ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून मराठीत रुजले होते, तसे या दुसऱ्या अमेरिकनांचे काही रुजले नाही. १८५६ पर्यंत सारे परत गेले. मौज अशी की, ज्या आचाराबद्दल मुंबईपुण्याचे साहेबी पत्रकार एवढे हादरले होते, तो आचार त्या वेळी सरदारांच्या वाड्यांत कायद्याने पूर्ण मान्य होता, आणि त्याविरुद्ध त्या पत्रांना असा आवेश चढल्याचे दिसत नाही.

फेल्प्स मार्च १८७२ मध्ये सॉल्ट लेक येथे वारला. त्यानंतर तीन महिन्यांनी, १ जून रोजी, ‘वुमन्स एक्स्पोनंट’ हे पाक्षिक निघाले. संपादक लुला ग्रीन, वय २३. स्मिथफील्ड गावात मुलांसाठी हातलिखित पत्र काढण्याचा अनुभव एवढेच तिचे भांडवल. युटातील स्त्रियांना १८७० मध्ये मताधिकार मिळाला होता. पूर्वेकडील व्यंगचित्रकार ज्या स्त्रियांना जनानखान्यातील बंदिवान म्हणून रेखाटीत, त्या स्त्रिया आपले पत्र स्वतः लिहीत, जुळवीत, त्यांत अनेकपत्नीत्वाचे समर्थन करीत आणि त्याच पानावर स्त्रीमताधिकाराची मागणी सर्व राष्ट्रांतील भगिनींसाठी करीत. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात हे बाहेरच्यांना पटत नसे; आजही चटकन पटत नाही. १८७७ पासून १९१४ पर्यंत, ३७ वर्षे, एमेलिन वेल्स ही त्याची संपादक होती, आणि ती स्वतः डॅनियल वेल्स याची सातवी पत्नी. तिच्याच कारकिर्दीत, १८८७ मध्ये, अनेकपत्नीत्व मोडण्यासाठी केलेल्या केंद्रीय कायद्याने युटातील सगळ्याच स्त्रियांचा मताधिकार काढून घेतला, आणि १८९६ मध्ये संस्थानाच्या नव्या घटनेने तो परत दिला. तिच्या अग्रलेखांतील स्वर या सबंध काळात फारसा चढत नाही. मला त्यात एक प्रकारची गृहिणीची चिकाटी दिसते, रोज तोच केर काढणारी.

पुढच्या काळातील पुष्कळ नियतकालिके मी येथे नुसती नावाने ओलांडतो. ऑर्सन व्हिटनीने १८८८ मध्ये आपल्याही लोकांत मिल्टन व शेक्सपिअर निपजतील असे भाकीत केले, त्यातून ‘घरगुती साहित्या’ची चळवळ झाली, नेफी अँडरसनची कादंबरी आली, ‘कॉन्ट्रिब्यूटर’ आणि ‘इम्प्रूव्हमेंट एरा’ यांचे रकाने सद्बोधपर कथांनी भरले. मिल्टन मात्र आला नाही. एकेका शाखासंस्थेचे एकेक मासिक असे ते जुने कुटुंब १९७० च्या अखेरीस एकदम बंद करण्यात आले, आणि केंद्रीय कचेरीतून तीन नवी मासिके वयोगटांनुसार सुरू झाली.

याच सुमारास लेखणी कचेरीबाहेर सरकू लागली होती. ब्रिगम यंग विद्यापीठाच्या ‘बी. वाय. यू. स्टडीज’ने १९५९ मध्ये पहिल्याच अंकात लेनर्ड ॲरिंग्टनचा, मद्य, तंबाखू, चहा, कॉफी यांच्या निषेधामागे युटाची आर्थिक गरज कशी होती हे दाखवणारा लेख छापला, आणि त्या नियतकालिकावर वर्षभर बंद राहण्याची वेळ आली. १९६६ मध्ये स्टॅनफर्डच्या परिसरात यूजीन इंग्लंड आणि वेस्ली जॉन्सन यांनी ‘डायलॉग’ हे त्रैमासिक स्वतंत्रपणे काढले. मंडळीचा पैसा नाही, मंडळीची मंजुरी नाही. बोस्टनच्या काही स्त्रियांना हार्वर्डच्या ग्रंथालयात ‘वुमन्स एक्स्पोनंट’चे जुने बांधीव खंड सापडले आणि १९७४ मध्ये त्यांनी ‘एक्स्पोनंट टू’ सुरू केले.

‘डायलॉग’च्या १९७३ च्या एका अंकात लेस्टर बुश या वैद्यकाने एक दीर्घ लेख लिहिला. कृष्णवर्णीय पुरुषांना पुरोहितपद देऊ नये असा निर्बंध ब्रिगम यंगने १८५२ मध्ये जाहीर केला होता आणि तो जोसेफपासूनच आला आहे असे सर्वत्र समजले जाई. बुशने जुनी दफ्तरे, पत्रे, इतिवृत्ते चाळून दाखवले की जोसेफच्या नावावर असा कोणताही साक्षात्कार सापडत नाही. उलट एलायजा एबल या कृष्णवर्णीय माणसाला १८३६ मध्येच पुरोहितपद मिळालेले होते. १८३३ मध्ये ज्या विषयाच्या एका लेखावरून पंथाचे पहिले यंत्र खिडकीबाहेर गेले होते, त्याच विषयावर एकशे चाळीस वर्षांनी आलेल्या या लेखाचे खिळे कोणी उधळले नाहीत. ९ जून १९७८ रोजी, शुक्रवारी, पंथाचा तेव्हाचा अध्यक्ष स्पेन्सर किंबल याच्या सहीचे एक पत्र वृत्तपत्रांकडे देण्यात आले: तो निर्बंध उठला आहे. सप्टेंबरच्या अखेरीस परिषदेने हात वर करून त्याला संमती दिली, आणि १९८१ च्या आवृत्तीत ‘डॉक्ट्रिन अँड कव्हनन्ट्स’च्या शेवटच्या पानांत, वुडरफच्या १८९० च्या जाहीरनाम्यामागोमाग, ते पत्र बांधले गेले.